तामियाची टीटी-०२ : जोडणी, ट्यूनिंग आणि निगा

जपानच्या तामिया कंपनीने २०१३ मध्ये आणलेली टीटी-०२ ही १/१० मापाची, रिमोटवर चालवायची आणि शाफ्टने ताकद चाकांना पोचवणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. पहिलं किट म्हणून आजही हीच सुचवली जाते, कारण गिअरबॉक्स बंदिस्त आहेत, पुढचा आणि मागचा डिफ (डिफरेन्शियल, वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) एकसारखा आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. घेतली की बहुतेकांचं लक्ष लगेच मोटरकडे जातं. पण चाकं बोटाने फिरवली तर अडखळत असतील तर मोटर कितीही दणकट लावा, ती ताकद घर्षणात जाते, मोटर तापते आणि बॅटरी लवकर संपते. आधी गाडी मोकळी फिरली पाहिजे, वेगाचं नंतर बघू.

काय लागतं

किटमध्ये चासी, साधी ५४० मोटर आणि बहुधा बॉडी येते. काही देशांतल्या किटमध्ये ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) असतो, काहींत नसतो, तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. रिमोट-रिसीव्हर, स्टँडर्ड मापाचा सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि रंग वेगळे घ्यावे लागतात. सर्व्होला ४ ते ६ किलो-सेंमी टॉर्क पुरतो. याहून महाग घ्यायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र ऑर्डर करतानाच जोडीला घ्या. पहिली, बेअरिंगचा संच. किटमध्ये बहुतेक जागी प्लास्टिकचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या साध्या कड्या) येतात. त्यात धूळ शिरली की ते अंडाकृती झिजतात, चाकं डुगडुगतात आणि दात्यांची पकड बिघडते. बुशच्याच मापाची छर्ऱ्यांची बेअरिंग मिळतात, बरीचशी आत ५ मिमी, बाहेर ११ मिमी आणि ४ मिमी जाडीची. आपल्याकडच्या धुळीत पत्र्याच्या झाकणाची नकोत, रबर सीलची घ्या. किंचित जड फिरतात, पण टिकतात. आणि जोडतानाच बसवा, नंतर बदलायची तर अख्खी गाडी पुन्हा खोलावी लागते.

दुसरी, नीट स्क्रू ड्रायव्हर. तामियाचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खातो. ३ मिमीच्या स्क्रूला जेआयएस २ नंबर लागतो. एक चांगला ड्रायव्हर घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

स्क्रू आणि आटे

इथले स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात. पहिल्यांदा घालताना टोक साबणाच्या वडीवर घासून घ्या, जोर निम्मा लागतो. खोललेला स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा. एका क्षणी हाताला बारीकसा 'टक' जाणवतो आणि स्क्रू केसभर खाली बसतो. तिथून सुलट आवळा, म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो. हे न करता थेट आवळलं तर दर वेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच खोलण्यांत भोक गुळगुळीत होतं. डोकं टेकलं की थांबा.

आटे गेलेच तर भोकात फेविक्विकचा एक थेंब सोडून काठीने आतल्या भिंतीला फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच स्क्रू घाला. ओला असताना घातलात तर स्क्रू कायमचा तिथलाच झाला.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त धातूत धातू जातो तिथेच, म्हणजे मोटरचे स्क्रू आणि पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला छोटा स्क्रू. प्लास्टिकला लागला तर काही प्लास्टिक तडकतात. निळा वापरा. लाल लावलात तर काढताना गरम करावं लागेल.

डिफ : इथे वेळ घालवा

डिफमध्ये दोन मोठे आणि तीन छोटे बेव्हल गिअर असतात. प्रत्येक गिअर स्प्रूपासून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून) कापल्यावर दात्याजवळचा उंचवटा ब्लेडने साफ करा. नखाला लागेल एवढाही राहिला तर डिफ दर फेरीला एकदा अडकतो आणि मग दोष बेअरिंगला दिला जातो.

मागच्या डिफमध्ये किटमधलंच ग्रीस बेताने लावा, तो मोकळा राहिला पाहिजे. पुढच्या डिफमध्ये तामियाचं अँटी-वेअर ग्रीस भरा. ते मधासारखं चिकट असतं आणि डिफ जड करतं. कारण साधं आहे. वळणात आतल्या बाजूच्या पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, मोकळा डिफ सगळी ताकद त्याच हलक्या चाकाला देतो, ते नुसतं गरगरतं आणि गाडी ओढलीच जात नाही. जड डिफ ताकद बाहेरच्या चाकालाही देतो. पण फार जड केलात तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी सरळच जाऊ पाहते. सुरुवातीला पोकळी अर्धी भरा. एक आउटड्राइव्ह (डिफच्या बाजूने बाहेर येणारं टोक) धरून दुसरा बोटाने फिरवला तर एकसारखा, दाट विरोध जाणवला पाहिजे, झटके नकोत. पातळ सिलिकॉन तेलाच्या नादी लागू नका, या डिफमधून ते गळतं. तेल घालायचंच असेल तर ओ-रिंगचा सीलबंद डिफ घ्या.

डिफ गिअरबॉक्समध्ये ठेवताना मोठा रिंग गिअर सूचनापत्रात दाखवलेल्याच बाजूला हवा. एक डिफ उलटा बसला तर पुढची चाकं पुढे आणि मागची मागे फिरायला बघतात. नवख्यांकडून ही चूक हमखास होते आणि बॉडी चढवेपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून मोटर बसवण्याआधी मागची दोन्ही चाकं एकदम पुढे फिरवा. पुढची दोन्ही त्याच दिशेने फिरली पाहिजेत, आणि हात सोडल्यावर चाकं जागच्या जागी गचकन थांबता कामा नयेत. थांबत असतील तर गिअरबॉक्सचे स्क्रू पाव-पाव फेरा सैल करून पाहा. मोकळं झालं तर स्क्रू जास्त आवळले होते. नाहीच झालं तर एकेक बेअरिंग तपासा, एखादं तिरकं बसलेलं सापडेल.

शॉक

टीटी-०२ च्या साध्या किटमध्ये घर्षणावर चालणारे डॅम्पर येतात, तेल नसलेले. गुळगुळीत पार्किंगमध्ये चालून जातं, पण खडबडीत डांबरावर गाडी चेंडूसारखी उडते. बेअरिंगनंतर पैसे घालायचे तर तेलाच्या शॉकमध्ये. तामियाचे सीव्हीए नावाचे तेलाचे शॉक प्लास्टिकचे असूनही छान चालतात. भरताना घाई नडते, म्हणून क्रम नीट पाळा.

१. शॉक उभा धरून दांडी पूर्ण खाली ओढा आणि ४०० च्या आसपासचं (हा दाटपणाचा आकडा, मोठा म्हणजे जास्त दाट) सिलिकॉन तेल काठोकाठ भरा.

२. दांडी सावकाश वर-खाली करा, पिस्टन तेलाबाहेर येऊ देऊ नका. बुडबुडे वर येतील.

३. तसाच उभा दहा मिनिटं ठेवा. बुडबुडे आपोआप फुटतात. तेल कमी झालं तर थेंबभर घाला.

४. डायफ्राम (झाकणाखालचा रबरी पडदा) काठावर तिरका ठेवून बसवा, म्हणजे हवा एका बाजूने निघून जाईल. मग झाकण आवळा आणि बाहेर आलेलं तेल पुसा.

५. दांडी आत दाबून सोडा. चारही शॉकची दांडी सारखीच परत आली पाहिजे. आतून फस्‌फस्‌ आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा भरा.

चारही एकसारखे होणं सगळ्यात महत्त्वाचं. डावा-उजवा वेगळा असला की गाडी एका बाजूला बरी वळते आणि दुसऱ्या बाजूला फिरकी घेते, आणि मग माणूस स्टीअरिंग ट्रिमशी झटत बसतो. थंडीत तेल दाट होतं, उन्हात पातळ. मे महिन्यात विदर्भात ४०० चं तेल अगदीच पाण्यासारखं वाटलं तर ५०० ते ६०० घ्या.

वायरिंग

सर्व्होवर हॉर्न (स्टीअरिंगला जोडणारी त्याची छोटी दांडी) लावण्याआधी रिमोट आणि गाडी चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या, मगच हॉर्न सरळ बसवा. नाहीतर गाडी एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला अर्धीच वळते. त्यानंतर रिमोटवर एंड-पॉइंट (सर्व्हो कुठवर वळेल त्याची मर्यादा) लावा. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की चाक थांबतं, पण सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अजून ढकलतोय. गुणगुण बंद होईपर्यंत एंड-पॉइंट कमी करा. असा रेटत राहिलेला सर्व्हो आतून जळतो.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. रिसीव्हरला फेलसेफ असेल तर सिग्नल गेल्यावर थ्रॉटल शून्यावर येईल असा लावा आणि चाकं हवेत धरून, रिमोट बंद करून खात्री करा. रिसीव्हरची अँटेना नळीतून उभी बाहेर काढा, मोटरच्या वायरीभोवती गुंडाळू नका.

ईएससीमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, कुठे जंपर (काढून दुसऱ्या पिनांवर लावायची छोटी टोपी) तर कुठे बटण. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारख्या लोकप्रिय ईएससीवर छोटा जंपर आहे. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरत असाल आणि जंपर निमएचवर (निकेल मेटल हायड्राइड बॅटरीवर) राहिला, तर व्होल्टेज खाली गेल्यावर ईएससी गाडी योग्य वेळी थांबवणार नाही आणि बॅटरी मरेल. किटसोबत येणाऱ्या काही ईएससींमध्ये लायपोचा कटऑफच नसतो. त्यांना निमएचच लावा, किंवा बॅलन्स कनेक्टरवर (प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजता येणारी बॅटरीची छोटी पिन) वेगळा बझर लावा.

गाडी अधूनमधून झटके देत असेल तर ब्रश मोटरवरचे (किटमधली साधी मोटर याच प्रकारची) कपॅसिटर पाहा. '१०४' लिहिलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे, सिरॅमिक कपॅसिटर टर्मिनल आणि मोटरच्या डब्याच्या मध्ये असतात. एखाद्याचं सोल्डर सुटलं की रिसीव्हरला खरखर पोचते. आणि मोटर उलटी फिरत असेल तर ब्रश मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. सेन्सरवाल्या ब्रशलेसमध्ये मात्र ए, बी, सी वायरींना हात लावायचा नाही, तिथे दिशा ईएससीच्या सेटिंगमधूनच बदलायची.

गिअरिंग आणि उष्णता

किटमध्ये ७० दात्यांचा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि २२ दात्यांचा पिनियन येतो. आतला रेशो २.६. म्हणजे ७० भागिले २२, गुणिले २.६, उत्तर ८.२७. मोटरचे सव्वाआठ फेरे झाले की चाकाचा एक. साध्या ५४० ला हे बरोबर आहे.

ब्रशलेस लावताना हिशोब कागदावर करा. ३३०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे मारणारी) मोटर ७.४ व्होल्टवर भाराविना मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे मारते. ६४ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ ०.२० मीटर. ८.२७ ला वेग ताशी साधारण ३५ किमी येतो. २५ दात्यांचा पिनियन लावला तर रेशो ७.२८ आणि वेग ४० च्या आसपास. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच भरतो. पाच किलोमीटरची ही वाढ फुकट मिळत नाही, मोटरवरचा भार वाढतो आणि ती तापते. म्हणून पिनियन एका वेळी एकच दाता वाढवा, तीन मिनिटं चालवा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ८० अंश सेल्सिअस ही वरची हद्द समजा. थर्मामीटर नसेल तर मोटरवर बोट ठेवून पाहा. दोन सेकंद ठेववत नसेल तर दाता कमी करा. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता मोजलेलं आणि जानेवारीत सकाळी मोजलेलं यांची तुलना करू नका.

पिनियन बदलला की दात्यांमधलं अंतर पुन्हा तपासायचं. किटचा मोटर माउंट असेल तर सूचनापत्रात त्या पिनियनसाठी सांगितलेली भोकंच वापरा. मोटर पुढे-मागे सरकणारा माउंट असेल तर साध्या कागदाची अरुंद पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घालून मोटर दाबून आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर दात्यांच्या घड्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. नंतर स्पर हलकेच हलवला की टिकटिक एवढाच प्ले (ढिलेपणा) हवा. अंतर कमी राहिलं तर गाडी किंचाळते, जास्त राहिलं तर स्परचे दाते सोलून निघतात. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून तीन-चार जागी तपासा, प्लास्टिकचा स्पर अगदी गोल नसतो. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर हवा. गोल भागावर आवळला तर पहिल्याच जोरदार ब्रेकला घसरतो.

बॉडी

पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. तामियाचे पीएस मालिकेतले रंग यासाठीच आहेत. टीएस मालिका कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी असते, ती इथे सोलवटून निघते. आधी भांड्यांच्या साबणाने आतून धुवा, वाळू द्या, नंतर आत बोट लावू नका. गडद रंग आधी, फिका नंतर, आणि सगळ्यात शेवटी मागून पांढरा, म्हणजे रंग उठून दिसतो. तीन-चार पातळ हात मारा. एक जाड हात मारला की मास्किंग टेपखाली रंग शिरतो. बाहेरची संरक्षक फिल्म सगळं झाल्यावरच काढायची. कापताना रेघेवर ब्लेडने हलकी खाच पाडून वाकवली तर सरळ भाग आपोआप सुटतो. चाकांच्या कमानींना मात्र वाकड्या पात्याची कात्रीच हवी. बदली बॉडी घेताना १९० मिमी रुंदी आणि २५७ मिमी व्हीलबेस पाहून घ्या.

ट्यूनिंग

सेटिंगला हात लावण्याआधी चासीला पीळ नाही ना ते पाहा. गाडी काचेवर ठेवा, पुढच्या टोकाखाली बरोबर मध्ये चाकूचं टोक धरून हळूच उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी जमीन सोडायला हवीत. एक आधी उठलं तर चासीचे स्क्रू सैल करून, सपाट जागी दाबून पुन्हा आवळा, आणि त्या बाजूचा शॉक व स्प्रिंग तपासा.

यानंतर टायर. पकड सगळ्यात जास्त तिथेच असते किंवा नसते. पार्किंगमधल्या धुळीवर कुठलंही सेटिंग चालत नाही, खराट्याने ट्रॅक झाडून घ्या आणि प्रत्येक फेरीआधी टायर ओल्या फडक्याने पुसा. नवे टायर रिमला चिकटवताना दोन्हींच्या कडा स्पिरिटने पुसा, नाहीतर फेविक्विक धरत नाही.

चासीची जमिनीपासूनची उंची बॅटरी आणि बॉडीसकट मोजा. गाडी चार-पाच सेंमी वरून सोडा, मग मोजा. बनवलेल्या ट्रॅकवर ५ ते ६ मिमी पुरते, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर ८ ते १० ठेवा, नाहीतर तळ घासून चासी पातळ होते.

गाडी वळतच नसेल, सरळ निघून जात असेल, तर पुढच्या स्प्रिंग मऊ करा किंवा मागच्या कडक. मागचा भाग सुटत असेल तर उलट. किटचे वरचे आर्म ठरावीक लांबीचे असतात. बदलता येणारे लावले तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे १ ते उणे २ अंश ठेवा आणि टायर आतल्या कडेलाच झिजतोय का ते पाहत राहा. सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे हुंदडत असेल तर सेटिंग बदलू नका, आधी स्टीअरिंगमधला प्ले शोधा. बहुतेकदा किटच्या सर्व्हो-सेव्हरमध्येच (चाकाला धक्का बसला तर सर्व्हो वाचवणारा भाग) सापडतो. जास्त टॉर्कचा सर्व्हो-सेव्हर लावला की गाडी वेगळीच वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

निगा

चालवून झालं की जुन्या रंगाच्या ब्रशने धूळ झाडा. फवारे मारून धुऊ नका. चाकांचे ४ मिमीचे नायलॉन नट दर वेळी पाहा, सैल नट १२ मिमीचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षट्कोनी तुकडा) खातो. दहा-बारा बॅटऱ्या चालल्या की गिअरबॉक्स उघडा. ग्रीस काळं आणि खरखरीत झालं असेल तर सगळं पुसून नवं भरा. उघड्या जागी, जसं शाफ्टच्या टोकांना, ग्रीस कमी लावा, त्याला माती चिकटते आणि मग ते पॉलिश पेपरचं काम करतं. बेअरिंगला डब्ल्यूडी-४० मारून सोडून देऊ नका. ते आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि स्वतः उडून जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, वाळवून, हलक्या तेलाचा एक थेंब पुरे.

लायपोचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, चालवताना ३.५ च्या जवळ आला की थांबा, ३.० च्या खाली कधीच नको. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने चार्ज करा, कायम बॅलन्स मोडवर, समोर बसून आणि फरशीवर, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नाही. गाडीतून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. फुगलेली बॅटरी संपली असंच समजा. टोचू नका, ती ई-कचऱ्यात द्या.

पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी पडून राहणार असेल तर सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा, चार्जरवर यालाच स्टोरेज मोड म्हणतात. बेअरिंगला तेल द्या आणि गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणात तर उघड्या फळीवर ठेवलेली बेअरिंग गणपतीपर्यंत गंजलेली सापडतात. टायर जमिनीला टेकू देऊ नका, चासीखाली ठोकळा द्या, नाहीतर आतला फोम एका जागी दबून चाक चपटं होतं. बॅटऱ्यांचं व्होल्टेज महिन्यातून एकदा मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने खाली गेलेला दिसला तर त्या बॅटरीवर खूण करून ठेवा आणि पुढच्या चार्जला तिच्याकडे लक्ष ठेवा.